बारा खोटे आकडे

सोलापूर, ९ फेब्रुवारी २०२५

चि. सतीश,
जय भीम.

चार वर्षांनी लिहितोय. फोन करत नाही, कारण फोनवर आपण दोघं दोन मिनिटांत भांडतो आणि मग तुझी बहीण मध्ये पडते. कागदावर मला कोणी मध्येच तोडत नाही.

तिनेच, आपल्या संघप्रियाने, तुझा लेख मला वाचून दाखवला. एक ओळ इंग्रजीत वाचायची, मग मराठीत सांगायची, असं करत तिच्या दोन संध्याकाळी गेल्या. मंगळूरसमोरच्या रेघेवर गेल्या अडतीस वर्षांत तळाचं गार पाणी वर येण्यात ठळक फरक दिसत नाही, असं तू लिहिलंयस. ठीक आहे, तू शिकलेला आहेस. पण खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे. ती प्रिया गाळून पुढे जात होती. मी तिचं बोट धरून थांबवलं. १९७७ ते १९८६ ची मोजमापं 'अप्रशिक्षित मदतनिसांनी घेतलेली' आणि 'विश्वास ठेवण्याजोगी नाहीत', म्हणून ती धरलेली नाहीत.

ते अप्रशिक्षित मदतनीस दोन होते. एक मी, भीमा तळभंडारे, मॅट्रिक नापास. दुसरा गैबीसाब शेख, चौथी पास. दोघेही सोलापूरचे. १९७६ साली समुद्र मोजणाऱ्या सरकारी जहाजावर नोकरीला हजर झालो त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा समुद्र पाहिला.

आम्हाला कोणी शिकवलं नाही हे खरं. पहिल्या पावसाळ्यात नुसती ओकारी काढली. दुसऱ्या पावसाळ्यात काम आलं. किनाऱ्यापासून आत आखलेली सरळ रेघ, तिच्यावर मोजायच्या आठ जागा, त्यांना ठाणी म्हणायचे. प्रत्येक ठाण्यावर जहाज थांबवायचं, तारेला बाटल्या बांधून खाली सोडायच्या, वरून पितळी वजन सोडायचं. ते वजन आदळलं की बाटली उलटी होते आणि तिच्या अंगावरच्या थर्मामीटरचा पारा तिथल्या तिथे अडकतो. मग वर काढून भिंगातून वाचायचं. पाऊस तोंडावर, जहाज असं कलतंय, आणि त्यात दशांशाचाही भाग वाचायचा. मी वाचायचो, गैबीसाब पुन्हा वाचायचा. दोघांचा आकडा जुळल्याशिवाय जहाजावरच्या मोजणीच्या साहेबांकडे जायचा नाही. हा नियम साहेबांनी केलेला नव्हता, आमचा होता.

पावसाळ्यातला वारा किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे वाहतो, वरचं पाणी समुद्रात ढकलतो आणि त्या जागी खालचं गार पाणी वर चढतं, हे तू पुस्तकात वाचलंस. आम्ही ते हाताने पाहिलं. जुलैत बाटली वर आली की धातू इतका गार लागायचा की गैबीसाब म्हणायचा, "नीचे का पानी आ गया, भीमा. अब मछली आएगी." आणि पंधरा दिवसांत तारलीचे थवे यायचे. वर आलेल्या त्या पाण्यात माशांचं खाणं असतं. ते त्याला चौथीत शिकवलं नव्हतं.

अशी दहा वर्षं तू एका ओळीत काढून टाकलीस. माझा हात खोटा होता असं छापलंस.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात आलास तेव्हा तू माझ्यापुढे एक कागद ठेवून काहीतरी विचारलं होतंस. मी काय बोललो ते तुला आठवत असेल. ते मी मागे घेत नाही.

बाबा


सोलापूर, ४ मार्च २०२५

सतीश,

प्रियाच्या फोनवर तू पाठवलेला निरोप मिळाला. तो मी कागदावर उतरवून घेतला, कारण मोबाइलवरचं वाचताना डोळे दुखतात. तू म्हणतोस:

"बाबांना सांग, मला राग नाही. पण १९ जुलै ८६ ची ठाणे पाच आणि सहाची बारा मोजमापं बघ. वरपासून खालपर्यंत प्रत्येक पायरीला बरोबर सात दशांश कमी. दहा मीटरची पायरी असो की पंचवीसची, सात दशांशच. दोन्ही ठाण्यांवर तेच. समुद्र असा उतरत नाही. हे कोणीतरी बसल्या जागी लिहिलंय. एक दिवस खोटा असेल आणि त्याचं कारण कोणी सांगत नसेल, तर बाकीच्या दहा वर्षांवर मी कशाच्या जोरावर विश्वास ठेवू? मी विचारलं होतं. त्यांनी मला घराबाहेर काढलं."

त्या दिवशी हवा खराब होती. मला एवढंच सांगायचंय.

घराबाहेर काढलं असंही काही नाही. मी म्हणालो होतो की बापाच्या हातावर संशय घेणाऱ्याने या घरात जेवू नये. तू ताटावरून उठलास. तुझी आई असती तर तुला बसवलं असतं.

आता मुद्द्याचं. माझा हात खरा की खोटा, हे तुला कळायला हवं ना? मग तपासू. मी सत्तर वर्षांचा आहे, पण डोळ्यांचं ऑपरेशन झालंय आणि बोटं अजून थरथरत नाहीत. तू यावंस असं मी म्हणत नाही. इथे तुझ्यासारखंच शिकलेलं एक माणूस आहे, त्याला समोर बसवून मोजून दाखवतो.

बाबा


सोलापूर, १६ एप्रिल २०२५

सतीश,

जयंतीच्या गडबडीत दोन दिवस गेले, नाहीतर आधीच लिहिलं असतं.

मी बाटली केली. प्लंबरकडून दोन फुटी पीव्हीसी पाइप, आतून थर्माकोल, दोन्ही तोंडांना रबरी झाकणं. वरून वजन आदळलं की झाकणं बंद होतात आणि खालचं पाणी आत कोंडून राहतं. थर्मामीटर आत. उलटा होणारा थर्मामीटर सोलापुरात कुठला मिळणार. पण थर्माकोलमुळे वर येईपर्यंत पाणी तापत नाही, हे मी घरच्या पिंपात चार वेळा पाहून घेतलं.

शिकलेलं माणूस म्हणजे इफ्रा. गैबीसाबची नात. तू तिला लहान असताना पाहिलं असशील. आता पंचवीस वर्षांची आहे, कॉलेजात पर्यावरण शिकवते. मला नाना म्हणते. तिच्याकडे तारेचा मीटर आहे, टोक पाण्यात सोडलं की वर आकडा उमटतो. तिला मी सगळं सांगितलं, म्हणजे तुझ्या लेखाचं सांगितलं. ती म्हणाली, "नाना, मीटर माझा, बाटली तुमची. मी माझे आकडे आधी दाखवणार नाही."

रविवारी सकाळी उजनीला गेलो. सिद्धू नावाचा मासेमारी करणारा पोरगेला गडी आहे, त्याच्या होडीतून धरणाच्या भिंतीकडच्या खोल पाण्यात. दोन्ही काठांना उसाच्या मोटारींची घरघर. सिद्धूला वाटलं आम्ही सरकारी माणसं आहोत.

"काय शोधताय आजोबा? गाव बुडालंय त्ये?"

"खालचं पाणी गार हाय का बघायचंय."

"आता ग, त्येला काय बघायचं. बुडी मारली की पाय गारठत्यात की."

"किती गारठत्यात ते मोजायचंय."

तो हसला, पण वल्हं धरून होडी जागेवर अशी ठेवली की आमच्या जहाजाच्या कप्तानाला जमलं नसतं.

पाण्यात सहा पातळ्यांवर मोजलं. प्रत्येक पातळीवर बाटली ठेवून तीनशेपर्यंत मोजलं, मग वजन सोडलं. मी वाचायचो, इफ्रा माझा आकडा लिहायची आणि तिचा वेगळ्या कागदावर. शेवटी दोन्ही कागद जोडून ठेवले. वरचं पाणी माझं २९.४, तिचं २९.४. वीस मीटरवर माझं २५.१, तिचं २५.३. सहांपैकी एकाही ठिकाणी दोन दशांशापेक्षा जास्त फरक नाही. कागद सोबत पाठवतोय. खाली तिची सही आहे. पाहा, आणि मग सांग अप्रशिक्षित कोण.

परत येताना इफ्राने एक विचारलं. "नाना, आजोबा बुडाले त्या दिवशी ते ड्यूटीवर नव्हते म्हणतात. काम संपलं होतं. मग एवढ्या खवळलेल्या समुद्रात ते बाहेर कशाला गेले होते?"

मी म्हणालो, "मला ठाऊक नाही."

मी बाटली पुसत बसलो. काठ येईपर्यंत पुसत होतो.

आकडे बघ.

बाबा


सोलापूर, ३० एप्रिल २०२५

सतीश,

सावकाश वाच. प्रियाला हे पत्र मी दाखवलेलं नाही. तुझ्या आईलाही यातलं काही माहीत नव्हतं. सव्वीस वर्षं माझ्या शेजारी निजली आणि तिला मी एक शब्द सांगितला नाही.

तू बरोबर होतास. ते बारा आकडे खोटे आहेत. ते मी लिहिले.

१९ जुलैला सकाळपासून समुद्र चढलेला होता. असल्या हवेत डेकवर काम करायचं नाही असा नियम होता. साहेबांना रेघ पुरी करून बंदरात जायचं होतं. चौथं ठाणं कसंबसं झालं. पाचव्या ठाण्याला दुपारचे तीन वाजले होते. जहाजाच्या बाजूला पाण्यावर बाहेर काढलेली एक फळी असायची, तिच्यावर उभं राहून बाटल्या तारेला बांधायच्या. त्या दिवशी फळीवर माझी पाळी होती. मला आदल्या दिवसापासून ताप होता. गैबीसाब म्हणाला, "तू बैठ, तेरे पाँव काँप रहे हैं." माझ्या अंगावरचा पट्टा सोडून त्याने स्वतःला बांधला. पहिली बाटली बांधून झाली. मी चाकाशी तार सोडायला उभा होतो. लाट आली ती फळीसकट घेऊन गेली. पट्ट्याचा हूक तुटून कठड्याला लटकत राहिला. मी त्याला पाण्यात दोनदा पाहिलं. दुसऱ्या वेळी त्याचा हात वर होता.

तीन तास शोधलं. मिळाला नाही.

संध्याकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मोजणीचं रजिस्टर पुढे ठेवलं. म्हणाले, पाचवं ठाणं एक वाजता संपलं असं लिही, सहावं तीन वाजता. म्हणजे अपघात झाला तेव्हा काम चालू नव्हतं. तो आपल्या मनाने बाहेर गेला. मी विचारलं, आकडे कुठले लिहू? ते म्हणाले, "तुला सवय आहे. लिही काहीतरी."

मी लिहिले. २७.६, २६.९, २६.२, असे खाली खाली. सात-सात कमी करत गेलो, कारण डोकं चालत नव्हतं आणि वजाबाकी सोपी पडत होती. दहा वर्षांत पहिल्यांदा मी एकट्याने आकडे लिहिले. जुळवून बघायला दुसरा नव्हता.

मग चौकशीचा कागद आला. गैबीसाब शेख, काम संपल्यावर, परवानगीशिवाय, बहुधा मद्यप्राशन केलेल्या अवस्थेत डेकवर गेला. खाली साक्षीदार म्हणून माझी सही. तो कधी प्यायला नाही. माझं वय एकतीस होतं, तू चार वर्षांचा होतास, प्रिया पोटात होती. हे मी कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा काय काय होतं, ते सांगतोय. चार महिन्यांनी मी नोकरी सोडली आणि इथे पाणीपुरवठ्यात पंपावर लागलो. तुला वाटायचं बाप घुम्या आहे.

उजनीहून आल्यावर मला झोप लागेना. इफ्राला 'ठाऊक नाही' म्हणालो ना, तेच आठवत राहिलं. म्हणून काल कुंभारीला गेलो, विडी कामगारांच्या घरकुलात. गैबीसाबची बायको लालबीभाभी ओट्यावर सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. इफ्रा कॉलेजला गेलेली. मी खाली बसलो आणि आत्ता तुला लिहिलं ते सगळं सांगितलं. पट्ट्याचंही सांगितलं. ती वळत राहिली. सहीचं सांगितलं तेव्हा तिचे हात थांबले.

"भीमा," ती म्हणाली, "उनो पीते नै थे. मैं सबको बोली. मेरे भाई को बोली, सास को बोली. कोई मानाच नै. सरकार का कागद झूट कैसा होता, बोले."

"व्हय भाभी."

"सास मरते दम तक बोलती थी, तेरा मरद दारू पी के डूबा. मेरे बच्चे सुनते थे."

मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"तेरा दस्तखत था उसपे?"

"होता."

"तू ईद को आता था. हर साल. शीरखुर्मा खाता था मेरे घर में."

"व्हय."

तिने सूप बाजूला ठेवलं. म्हणाली, "अब जा. मैं बुलाई तो आ. नै बुलाई तो नक्को आ."

मी आलो.

सतीश, ते बारा आकडे खोटे आहेत आणि ते का खोटे आहेत हे आता तुला माहीत आहे. तू कारण मागितलं होतंस. हे कारण. आता बाकीची दहा वर्षं परत घे. त्या एका दिवसाशिवाय त्यात एक आकडा खोटा नाही. तो दिवस माझा गुन्हा आहे, गैबीसाबचा नाही. त्याने वाचलेली दहा वर्षं माझ्या गुन्ह्यापायी कोणी फेकलेली मी चालवून घेणार नाही. मला काय म्हणायचं ते म्हण. पण त्याचं काम परत घे.

बाबा


सोलापूर, १३ जुलै २०२५

सतीश,

तुझं पत्र आलं. सहा पानं. तू हाताने लिहिलेलं पत्र मी पहिल्यांदाच पाहिलं. अक्षर तुझ्या आईसारखं आहे.

तू मला दोष दिला नाहीस. तो तू द्यायला हवा होतास, पण ते तुझं तू ठरव.

आधी इकडचं सांगतो. नवव्या दिवशी लालबीभाभीने इफ्राला पाठवलं. मी गेलो. चहा दिला नाही. म्हणाली, "लिख के दे. सरकार को." मग मी, प्रिया आणि इफ्रा सात रस्ता चौकात टायपिंगवाल्याकडे गेलो. तो माझं बोलणं टाइप करता करता थांबला.

"काका, हे तुम्ही स्वतःच्या विरोधातच लिहून देताय, कळतंय ना?"

"व्हय. टाइप कर."

"वकिलाला तरी विचारा की."

"सही मी करणार हाय, वकील न्हाय."

प्रतिज्ञापत्र केलं आणि आमच्या जहाजाच्या मुंबईच्या कार्यालयाला पाठवलं. साहेबांचं नावही घातलं. ते वारले असं कळलं, पण म्हणून गाळलं नाही. पाच आठवड्यांनी उत्तर आलं. प्रकरण १९८७ मध्येच बंद झालं आहे, पुन्हा उघडता येणार नाही. वर आणखी एक ओळ: सरकारी नोंदीत खोटी माहिती भरल्याची मी कबुली दिलेली असल्याने माझ्यावर कारवाई होऊ शकते. प्रिया घाबरली. मी तो कागद लालबीभाभीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "करने दे." मीही तेच म्हणतो. कारवाई करायची तर चौकशी करावी लागेल आणि चौकशी करायची तर ते प्रकरण उघडावंच लागेल. मी उभा आहे. यावं त्यांनी.

आता तुझं. तू आमची दहा वर्षं परत घेतलीस, एकेक आकडा जहाजाच्या इतर नोंदींशी ताडून पाहिलास आणि चित्र बदललं असं लिहितोस. तुझी पानं मी प्रियासोबत तीनदा वाचली. मला समजलं ते असं: आमच्या काळात जुलैत चोवीस अंशाखालचं पाणी वीस मीटरपर्यंत चढायचं. आता ते पस्तीस-चाळीसवर येऊन थांबतं, आणि तेही बऱ्याच वर्षी उशिरा. वारा कमी झालेला नाही. पण वरचं पाणी इतकं तापलंय आणि त्या गरम पाण्याचा थर इतका जाड झालाय की खालच्याला वर यायला वाट मिळत नाही. तू आकडे सत्त्याऐंशीपासून धरलेस, तोवर निम्मा बदल होऊन गेला होता, म्हणून तुला सगळं सारखंच दिसलं. ही एकच रेघ आहे, दुसऱ्या किनाऱ्यांवर वेगळं असू शकतं, काही ठिकाणी उलटंही, हे तू लिहिलंस ते बरं केलंस. आम्हीही एका रेघेपलीकडचं कधी बोललो नाही.

आपला आधीचा लेख चुकला होता असं स्वतः छापायला तू निघालास. तुझे वरिष्ठ म्हणाले की जुनं उकरू नकोस, तरी निघालास. ते मला आवडलं. एवढंच लिहितो, जास्त लिहायची मला सवय नाही.

पण तुझ्या मसुद्यातली एक ओळ मला मान्य नाही. 'तांत्रिक कारणांमुळे बारा मोजमापं वगळली आहेत.' तांत्रिक कारण म्हणजे काय रे? थर्मामीटर फुटला होता? तार तुटली होती? तू लिहितोस की कार्यालयाची हरकत येईल, जुन्या नोंदी वापरायला परवानगी त्यांचीच लागते, तुझं पुढचं काम अडेल. अडू शकतं. मला कळतं. तुला दोन मुली आहेत, हेही मला कळतं. मलाही दोन लेकरं होती.

माझं म्हणणं साधं आहे. खरं लिहायचं असेल तर दहा वर्षं घे. 'तांत्रिक' लिहायचं असेल तर आमची दहा वर्षं परत बाहेर काढ आणि तुझा जुना लेख आहे तसा राहू दे. अविश्वसनीय म्हणून पडून राहणं आम्हाला चालेल. पण गैबीसाब पुन्हा एकदा कोणाच्या सोयीसाठी कागदावरून गायब होणार असेल, तर त्या कागदावर आमचा एक आकडाही नको. पहिल्या वेळी मी सही केली होती. या वेळी करणार नाही.

यावर वाद घालायला फोन करू नकोस. विचार कर.

बाबा


सोलापूर, ११ जानेवारी २०२६

सतीश,

छापलेला लेख मिळाला. त्यासोबत तू त्या परिच्छेदाचं मराठी करून पाठवलंस ते बरं केलंस. मुलींना माझा आशीर्वाद. धाकटीला पोहायला शिकव, आणि शिकवताना जवळ उभा राहा.

लेख घेऊन आज दुपारी कुंभारीला गेलो. प्रिया सोबत होती. लालबीभाभीने मला आत बोलावलं, बाजेवर बसायला सांगितलं. इफ्राने मोठ्याने वाचलं. तू लिहिलेलंच, पण पुन्हा उतरवतो, कारण ते माझ्या हाताने एकदा लिहावंसं वाटतंय:

"ठाणे पाच व सहा येथील १९ जुलै १९८६ ची बारा मोजमापं धरलेली नाहीत. त्या दिवशी वादळी हवेत काम चालू असताना मोजमाप करणारे गैबीसाब शेख समुद्रात वाहून गेले. अपघाताची वेळ लपवण्यासाठी हे आकडे नंतर भीमा तळभंडारे यांनी लिहिले. ही माहिती त्यांनी स्वतः दिली. १९७७ ते १९८६ ची इतर सर्व मोजमापं या दोघांनी घेतलेली आहेत. ती तपासून पाहिली असून हा अभ्यास मुख्यतः त्यांच्यावर उभा आहे."

'वरिष्ठांच्या सांगण्यावरून' हे तू मसुद्यात घातलं होतंस आणि मी काढायला लावलं. त्यांनी सांगितलं होतं, हे खरं. ते प्रतिज्ञापत्रात आहे. पण पेन माझ्या हातात होतं.

वाचून झालं. मग भाभी इफ्राला म्हणाली, "वो फिर से पढ. काम चालू असताना." इफ्राने पुन्हा वाचलं. "फिर से." असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी इफ्राला पुढे वाचता येईना. मग प्रियाने वाचलं.

भाभीने मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. तिने चहा दिला. मी तो बशीत ओतून प्यायलो.

मग ती उठली, आत जाऊन आली तेव्हा तिच्या हातात तो जुना चौकशीचा कागद होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत, घड्यांवर फाटलेला. एवढी वर्षं तिने तो ठेवला कशाला, मला कळेना. मी विचारलं.

"जिस दिन कोई पूछेगा उस दिन दिखाने को," ती म्हणाली. "कोई पूछाच नै. अब मैं पूछूंगी."

तिने ठरवलंय. पुढच्या सोमवारी, १९ तारखेला, मुंबईच्या कार्यालयात जायचं. पाहिजे ते एकच. त्या कागदावरचे 'काम संपल्यावर' आणि 'मद्यप्राशन केलेल्या' हे शब्द खोडून खाली नवी तारीख आणि शिक्का. दुसरं काही मागायचं नाही असं तिने इफ्राला बजावलंय. इफ्रा म्हणाली, "दादी, ते आत घेणार नाहीत. गेटवरच अडवतील."

"तो गेट पे बैठूंगी. सूप लेके जाऊंगी. विड्या वळत बसते की."

आम्ही चौघं निघणार आहोत. ती, इफ्रा, प्रिया आणि मी. मला अटक करायची असेल तर तिथेच करा म्हणावं, सोलापूरपर्यंत यायचे त्यांचे कष्ट वाचतील. प्रियाने चार दिवसांची रजा टाकलीय. चार दिवसांत झालं नाही तर ती परत येईल. आम्ही तिघं बसू.

तुझ्या परवानग्या त्याच कार्यालयाच्या हातात आहेत हे मला माहीत आहे. गेटवर आमच्यासोबत दिसलास तर तुझ्या कामाचं काय होईल, तेही माहीत आहे. म्हणून ये म्हणत नाही. भाभीला मी हेच सांगितलं की तो येणार नाही, त्याने आपलं काम केलंय. ती म्हणाली, "उसको बोल, जगह रखी है."

तेवढा निरोप देतोय. सोमवारी सकाळी दहाला कार्यालय उघडतं. आम्ही साडेनऊला पोचू.

बाबा